मोजलेल्या पाण्याला पुढे वाट हवी

पाण्यावरून होणारे बहुतेक वाद अखेर एका आकड्यापाशी येऊन थांबतात. धरणातून शहराने किती पाणी उचलले, वितरिकेतून पाणीवापर संस्थेला प्रत्यक्षात किती मिळाले, एखाद्या कारखान्याने किंवा गृहसंकुलाने किती सांडपाणी बाहेर सोडले, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांतच द्यावी लागतात. त्या आकड्यांवरून पाणीपट्टी ठरते, दंड होतो आणि पुढच्या वीस वर्षांच्या योजनाही आखल्या जातात. मात्र हा आकडा ज्या साधनातून येतो त्याच्याकडे, आणि विशेषतः त्या साधनाच्या पुढे काय बांधले आहे याकडे, फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

पाट, कालवा किंवा सांडपाण्याची उघडी नाली यांतून वाहणारे पाणी मोजण्यासाठी जगभर ‘फ्ल्यूम’ नावाची रचना वापरली जाते. मोजणी झाल्यावर हे पाणी पुष्कळदा पुन्हा एखाद्या पाइपात सोडले जाते. शहरांत तर जवळजवळ नेहमीच तसे होते. कारण जमिनीखालून पाइपातून आलेले पाणी क्षणभर उघड्यावर आणून मोजायचे आणि परत जमिनीखाली घालायचे, हाच तेथील क्रम असतो. मोजणीत चूक आढळली, की प्रथम संशय घेतला जातो तो पातळी मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर. ते यंत्र तपासले जाते, बदलले जाते, त्याचे प्रमाणपत्र मागवले जाते. प्रत्यक्षात दोष अनेकदा यंत्रापासून दोन-तीन फुटांवर, पुढच्या पाइपाच्या तोंडाशी असतो.

गळ्यातून जाणारे पाणी

घरातल्या नळाच्या मीटरमधून पाणी पूर्ण भरलेल्या नळीतून जाते. उघड्या प्रवाहाचे तसे नसते. तेथे पाण्याची पातळी सतत वरखाली होते आणि वेगही बदलतो. फ्ल्यूमची युक्ती अशी, की वाहत्या नालीच्या दोन्ही भिंती क्रमाने जवळ आणून मध्ये एक अरुंद गळा तयार करायचा. पाणी गळ्याकडे येताना वेग घेते, गळ्यात त्याची पातळी झपाट्याने खाली येते आणि गळा ओलांडल्यावर उसळी घेऊन ते पुन्हा संथ होते. गळ्यात पाण्याने हा ठरावीक वेग गाठला, की पुढच्या बाजूच्या पातळीचा परिणाम मागच्या पाण्यावर होत नाही. मग गळ्याच्या अलीकडे, ठरवून दिलेल्या एकाच जागी पाण्याची उंची मोजली, की सूत्रावरून विसर्ग काढता येतो.

सर्वाधिक वापरात असलेला पार्शल फ्ल्यूम हा अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्स येथे राल्फ पार्शल या अभियंत्याने विकसित केला. शेतकऱ्यांमधील पाण्याच्या हक्कांचे तंटे सोडवण्यासाठी गाळाने न भरणारे, स्वस्त आणि भरवशाचे साधन त्याला हवे होते. त्याच सुमारास आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे खात्यातही असेच काम चालू होते. १९१६ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आलेल्या केंद्राशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या सर क्लॉड इंग्लिस यांनी ‘स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम’ या प्रकारावर महत्त्वाचे संशोधन केले. महाराष्ट्रातील अनेक कालव्यांवर आजही या प्रकारचे फ्ल्यूम दिसतात.

पार्शल फ्ल्यूमचा आकार कटाक्षाने ठरलेला असतो. उदाहरणार्थ, गळ्याची रुंदी १५२ मि.मी. म्हणजे सहा इंच असलेल्या फ्ल्यूमचे शेवटचे तोंड ३९४ मि.मी. रुंद असते. गळ्याच्या अलीकडील सपाट तळाला आपण उंबरठा म्हणू. या उंबरठ्यापेक्षा फ्ल्यूमचा शेवट ३८ मि.मी. खाली असतो. अशा फ्ल्यूममध्ये उंबरठ्यावर पाण्याची उंची २० सें.मी. भरली, तर विसर्ग सेकंदाला सुमारे ३० लिटर असतो. धरणांच्या बातम्यांत आपण वाचतो तो क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर, तेव्हा हा विसर्ग साधारण एका क्युसेकइतका झाला.

फ्ल्यूम बुडतो म्हणजे काय?

हे सारे गणित एका अटीवर उभे आहे. गळ्यातून बाहेर पडलेल्या पाण्याला पुढे मोकळी वाट मिळाली पाहिजे. पुढे पाणी तुंबले, तर त्याचा फुगवटा हळूहळू मागे सरकतो. आधी तो उसळीला गळ्याकडे ढकलतो, नंतर गळा भरून टाकतो आणि शेवटी जेथे उंची मोजली जाते तेथील पातळीही वर उचलतो. या अवस्थेला फ्ल्यूम बुडणे असे म्हणतात.

फुगवटा कितपत चालेल याच्या मर्यादा प्रयोगांनी ठरलेल्या आहेत. गळ्याच्या खालच्या टोकाशी असलेली पाण्याची उंची आणि गळ्याच्या अलीकडची उंची, या दोन्ही उंबरठ्यापासून मोजून त्यांचे प्रमाण काढायचे. एक ते तीन इंच गळ्याच्या पार्शल फ्ल्यूमसाठी हे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत चालते, सहा आणि नऊ इंचांसाठी ६० टक्के आणि एक ते आठ फुटांसाठी ७० टक्के. त्याच्या आत फुगवटा असला तरी मोजणीला बाधा येत नाही. ही मर्यादा ओलांडली, की एकाच उंचीवरून विसर्ग काढण्याचे सूत्र लागू पडत नाही.

या चुकीची दिशा मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. तुंबलेल्या पाण्यामुळे पातळी वाढते आणि यंत्राला ती जास्त विसर्गाची खूण वाटते. म्हणजे प्रत्यक्षात पाणी अडलेले असताना आकडा वाढलेला दिसतो. वरच्याच उदाहरणात ३० लिटरचा प्रवाह कायम राहून फुगवट्याने पातळी २० ऐवजी २५ सें.मी. झाली, तर यंत्र सेकंदाला जवळजवळ ४३ लिटर दाखवील. अवघ्या पाच सेंटीमीटरच्या वाढीने आकडा ४० टक्क्यांहून अधिक फुगतो. यंत्राचा यात काडीचाही दोष नसतो. त्याने पातळी अचूक मोजलेली असते.

पाट आणि पाइप

फ्ल्यूमच्या पुढे उघडा पाट असेल, तर पाणी वाढले तरी त्याला रुंदीत आणि उंचीत पसरायला वाव असतो. पाइपाला तसा वाव नसतो. पाइप भरला, की त्याची वहनक्षमता संपली. त्याहून जास्त पाणी ढकलायचे असेल तर पाइपाच्या तोंडाशी पाणी साचून दाब तयार व्हावा लागतो, आणि हे साचलेले पाणी म्हणजेच फ्ल्यूमला बुडवणारा फुगवटा होय.

शिवाय उघड्या प्रवाहातून पाइपात शिरतानाच पाण्याला किंमत मोजावी लागते. जवळजवळ चाळीस सेंटीमीटर रुंद तोंडातून निघालेले पाणी वीस सेंटीमीटर व्यासाच्या भोकात एकदम शिरवले, तर आत शिरण्यासाठी लागणारा वेग मिळेपर्यंत पाणी तोंडाशी चढत राहते. पाइपाचा उतार कमी असेल, सुरुवातीलाच बाक असेल, आत गाळ बसला असेल किंवा चिंध्या आणि प्लास्टिक अडकले असेल, तर ही चढण आणखी वाढते.

आठ हजार वस्तीचे गणित

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका साध्या हिशेबातून पाहू. आठ हजार लोकवस्तीचे एक गृहसंकुल आहे असे समजा. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याच्या ८० टक्के सांडपाणी हा नेहमीचा दंडक धरला, तर रोजचे सांडपाणी ८ लाख ६४ हजार लिटर, म्हणजे सरासरी सेकंदाला १० लिटर होते. पण सांडपाणी दिवसभर सारखे येत नाही. सकाळी सर्वांची आंघोळ आणि धुणी एकाच वेळी होतात. एवढ्या वस्तीसाठी कमाल प्रवाह सरासरीच्या तिप्पट, म्हणजे ३० लिटर धरला जातो. संकुलाच्या प्रक्रिया केंद्राकडे येणारा हा प्रवाह मोजण्यासाठी सहा इंची पार्शल फ्ल्यूम बसवला आहे. फ्ल्यूमपुढे छोटे चेंबर आहे आणि तेथून २०० मि.मी. व्यासाचा, २०० फुटांत एक फूट उताराचा, वीस मीटर लांबीचा पाइप निघतो. पाइपाचा तळ उंबरठ्यापेक्षा १० सें.मी. खाली ठेवला आहे.

सरासरी १० लिटरचा प्रवाह असताना सर्व काही ठीक चालते. हा पाइप पूर्ण भरून सेकंदाला सुमारे २३ लिटर वाहू शकतो. त्यामुळे १० लिटरला तो अर्ध्याहून कमी भरतो. चेंबरमधील पाणी उंबरठ्याच्या वर जेमतेम तीन सेंटीमीटर येते, आणि फ्ल्यूममधील उंची १० सें.मी. असते. प्रमाण ३० टक्के, म्हणजे मोजणी निर्दोष. दुपारी अकरा-बारा वाजता तपासणीस आलेल्या अभियंत्याला येथे काहीच वावगे दिसणार नाही.

सकाळी सात वाजता मात्र ३० लिटर येऊ लागतात. २३ लिटरच्या पाइपात ते मावत नाहीत. पाणी पाइपाच्या माथ्यावर सुमारे १४ सें.मी. चढते, तेव्हा कोठे ते पुढे ढकलले जाते. त्या वेळी चेंबरमधील पातळी उंबरठ्याच्या वर सुमारे २४ सें.मी. असते. मोकळ्या प्रवाहात फ्ल्यूमच्या अलीकडे पाणी २० सें.मी. असायला हवे होते. पण पुढेच २४ सें.मी. पाणी उभे असल्याने मागची पातळी त्याहूनही वर जाते. यंत्र सेकंदाला ४० लिटरहून अधिक विसर्ग दाखवते. असे दोन तास रोज गेले, तर दिवसाच्या बेरजेत किमान ७२ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर, प्रत्यक्षात नसलेले पाणी जमा होते.

आता त्याच उताराचा, त्याच तळपातळीवर, पण ३०० मि.मी. व्यासाचा पाइप घातला तर काय होईल? या पाइपाची क्षमता सुमारे ६८ लिटर असल्याने ३० लिटरला तो अर्धाही भरत नाही. पाइपात शिरण्यासाठी लागणारी चढण धरूनही चेंबरमधील पातळी उंबरठ्याच्या वर साधारण साडेदहा सेंटीमीटर राहते. प्रमाण ५३ टक्के, म्हणजे ६० टक्क्यांच्या मर्यादेच्या आत; पण थोडाच वाव ठेवून. पाइपाचा तळ आणखी पाच सेंटीमीटर खाली नेला, तर हेच प्रमाण २८ टक्क्यांवर येते आणि उद्या पाइपात थोडा गाळ बसला तरी मोजणी बिघडत नाही. पाइपाचा मोठा व्यास आणि पाच सेंटीमीटर जास्तीची खोली यांचा खर्च बांधकामाच्या वेळी किरकोळ असतो. नंतर तोच खर्च काँक्रीट फोडून करावा लागतो.

बांधताना घ्यायची काळजी

या हिशेबातून काही नियम सहज निघतात. पाइपाचा व्यास सरासरी प्रवाहावर नव्हे, तर कमाल प्रवाहावर ठरवावा, आणि तेव्हाही पाइपाचा वरचा भाग रिकामा राहील असे पाहावे. पाइपाचे तोंड फ्ल्यूमला थेट चिकटवू नये. मध्ये चेंबर ठेवावे, म्हणजे गळ्यानंतरची उसळी तेथेच शमते. ही उसळी पाइपाच्या आत गेली, तर पाण्यात हवा कोंडते, पाइप मधूनच भरतो, मधूनच रिता होतो आणि त्याचे हेलकावे मागे फ्ल्यूमपर्यंत जाणवतात. चेंबरपासून पुढचा काही भाग सरळ असावा आणि पाइपात हवा खेळती राहावी.

मात्र पाणी मोकळे पडावे म्हणून ते फार उंचावरून पाडणेही योग्य नाही. सांडपाणी जोराने आदळले, की त्यातील हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो. त्याची दुर्गंधी तर येतेच, शिवाय भिंतींवर त्याचे आम्ल बनून काँक्रीट खाल्ले जाते. तेव्हा पाण्याला उतार द्यावा, पण तो बेताचा असावा.

याच कारणासाठी चेंबर आणि पाइपाचे तोंड वरून, उभ्याने साफ करता येईल अशी रचना आवश्यक आहे. मैला आणि गाळ काढण्यासाठी माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे, आणि तरीही अशा कामांत गुदमरून मृत्यू होतच आहेत. ज्या चेंबरमध्ये पाणी तुंबते, तेथेच चोंदा बसतो आणि तेथेच कुणाला तरी उतरायला सांगितले जाते.

पावसाळ्याचा विचारही आधीच करावा लागतो. अनेक ठिकाणी मोजलेले पाणी शेवटी नाल्यात सोडले जाते. पाइपाचे दुसरे टोक मे महिन्यात कोरड्या नाल्यात उघडे दिसते. जुलैत तोच नाला दुथडी भरतो आणि टोक पाण्याखाली जाते. मग पाइप कितीही मोठा असला, तरी फुगवटा मागे येणारच. म्हणून पातळ्यांचा हिशेब नाल्याच्या पूरपातळीपासून उलटा, फ्ल्यूमकडे करत यावा लागतो. टोकाला झडप बसवली, तर पुराचे पाणी आत येत नाही. पण झडप उघडण्यासाठीही पाण्याला थोडी जास्त उंची लागते, हे विसरून चालत नाही.

झालेली चूक ओळखता येते

बांधून झालेला फ्ल्यूम बुडतो आहे का, हे ओळखण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. कमाल प्रवाहाच्या वेळी तेथे उभे राहून पाहावे. प्रवाह मोकळा असेल, तर गळ्यात पाण्याचा पृष्ठभाग स्पष्टपणे खाली उतरलेला आणि पुढे खळबळणारी उसळी दिसते. गळ्यात पाणी सपाट, संथ आणि भरलेले दिसले, तर फ्ल्यूम बुडालेला आहे असे समजावे. त्याच वेळी गळ्याच्या टोकाशी आणि मोजणीच्या जागी पट्टीने उंची घेऊन प्रमाण काढले, म्हणजे शंका उरत नाही. नोंदींच्या आलेखातही खुणा सापडतात. मागचा पंप बंद झाल्यावर आकडा चटकन न उतरता रेंगाळतो. पाइप साफ केल्यावर नोंदलेला विसर्ग एकाएकी घटतो, आणि मग नसलेली गळती शोधण्यात दिवस जातात.

उपाय अर्थातच सोप्यापासून सुरू करावेत. आधी पाइप धुऊन पाहावा. तेवढ्याने भागले नाही, तर पाइपाचा पहिला टप्पा मोठ्या व्यासाचा किंवा अधिक उताराचा करावा. फ्ल्यूमच उचलून वर बसवता येतो. पण त्यामुळे मागच्या टाक्यांतील पातळी किती वाढेल, हे आधी तपासायला हवे. उतार मिळण्याची शक्यताच नसेल, तर दोन ठिकाणी उंची मोजून तक्त्यावरून दुरुस्ती करता येते. मात्र बुडण्याचे प्रमाण जसजसे वाढते, तसतशी या दुरुस्तीची अचूकता घटत जाते. लांब गळ्याचे फ्ल्यूम पार्शलपेक्षा अधिक फुगवटा सहन करतात. मॅनहोलमध्ये, पाइपाच्या तळाच्या गोलाईतच बसणारा पामर-बोलस हा प्रकार तर सांडपाण्याच्या पाइपांसाठीच तयार झाला. काही ठिकाणी पाइप कायम भरलेला राहील अशी रचना करून विद्युतचुंबकीय मीटर बसवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आकड्याचे मोल

हा विषय केवळ अभियंत्यांपुरता उरलेला नाही. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यांनंतर पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी देण्याचे धोरण आले. गेल्या काही वर्षांत उघड्या चाऱ्यांच्या जागी बंद नलिकांचे जाळे टाकले जात आहे. म्हणजे कालव्यातून पाइपात शिरणारे पाणी आता शेतीतही आहे. तेथे फ्ल्यूम बुडाला, तर टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कमी आणि त्याच्या संस्थेला बिल जास्त, असा दुहेरी फटका बसू शकतो. उद्योगांच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्याचे ऑनलाइन मापन करण्याचे निर्देश दिले. हे आकडे मिनिटामिनिटाला दूरच्या संगणकावर जातात. पण संगणकाला फ्ल्यूमपुढचा तुंबलेला पाइप दिसत नाही.

गृहसंकुलांची स्थितीही वेगळी नाही. प्रक्रिया केंद्र ताब्यात घेताना सोसायटीचे पदाधिकारी पंप, ब्लोअर आणि विजेचे बिल पाहतात. त्याच वेळी एखाद्या सकाळी सात वाजता फ्ल्यूमपाशी जाऊन गळ्यातले पाणी उतरते आहे की नाही, एवढे पाहून घेतले आणि पाइपाचा व्यास, उतार व तळपातळी यांची नोंद मागून घेतली, तर पुढची अनेक वर्षे आपल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येईल. त्या तपासणीला एक पट्टी आणि अर्धा तास पुरेसा आहे.